कोणाची गोळी कोणती

वर्ध्याकडे पाहण्यासारखं काय आहे, असं पुण्यात कोणी विचारलं की मी गडबडते. विचारणाऱ्याला एखादा आश्रम, एखादं देऊळ, फार तर एखादं धरण हवं असतं. मी तिथे दोन वर्षं राहिले आणि माझ्या लक्षात राहिले ते हात. सुजलेले, कोमट, बोटं एका अंगाला कललेले हात. दर मंगळवारी ते माझ्यासमोर टेबलावर येत आणि मी त्यांचा एकेक सांधा अंगठ्याने दाबून पाहत असे. इथे पुण्यात रुग्ण आधी तपासणीचे कागद पुढे करतात. तिकडे आधी हात पुढे येत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी संधिवातावरच्या एका औषधाच्या अभ्यासात डॉक्टर म्हणून काम करत होते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा संधिवात नव्हे. यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांना पोखरत सुटते. बायकांना जास्त होतो, तोही ऐन कामाच्या वयात. आमच्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना नवं औषध होतं आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. दुखणं कमी करायच्या नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच होत्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. औषधाचा खरा गुण कळायचा तर दुसरा मार्ग नसतो. हे सगळं सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं, सही नाहीतर अंगठा घेतला होता. आणि त्या वेळी मी प्रत्येकाला एक शब्द दिला होता. अभ्यास संपला की तुमची गोळी कोणती होती ते मी स्वतः येऊन सांगीन.

अभ्यास संपला, मी पुण्याला परतले, आणि वर्षभराने, कोणाला कोणती गोळी होती ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. औषधाला गुण होता. आता ज्यांना हवं त्यांना ते तालुक्याच्या दवाखान्यातून मिळणार होतं, मात्र दर महिन्याला रक्त तपासून घ्यायला हवं होतं. आमचे प्रमुख म्हणाले, पत्रं पाठवून देऊ. मी म्हटलं, पत्रातून हे नीट समजणार नाही, मी जाते. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला जायचं होतं. वर्षभर मी आकड्यांच्या तक्त्यांसमोर बसत होते आणि मंगळवार आला की सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

नवऱ्याने तिकीट काढून आणलं. म्हणाला, "दोन वर्षं राहिलीस तिथे. अजून मन भरलं नाही?" मी नुसती हसले.

यादीतलं शेवटचं नाव इंदूताईंचं होतं. गाव वडनेर, तालुका हिंगणघाट. त्यांच्या नावापुढची नोंद मी तीनदा वाचली. सहा महिने त्यांना औषध नसलेली गोळी मिळाली होती.

पुलगाव

डिसेंबरची सकाळ होती. गाडी पुलगावला थांबली तेव्हा फलाटावर धुकं आणि कोळशाच्या शेगडीचा धूर एकत्र झाला होता. आमच्याकडे थंडी अंगाला चिकटते. तिकडची थंडी कोरडी असते, ती नाकातून थेट डोक्यात जाते. माझ्यासोबत उतरलेले बरेच जण सैन्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात नोकरीला होते. गावात त्याला सगळे नुसतं 'डेपो' म्हणतात. ते सायकली काढून तारांच्या कुंपणाच्या दिशेने निघून गेले आणि मी दुसऱ्या बाजूला, कापडगिरणीच्या चाळीकडे वळले.

तिथे बाबाराव राहत. गिरणीत सूतकताई खात्यात होते. अभ्यासात सामील झाले तेव्हा त्यांना खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. सहा महिन्यांत ते एकटे जिना चढू लागले होते. मला पाहिल्याबरोबर त्यांनी ओट्यावर उकिडवं बसून दाखवलं आणि हात न टेकता उठून दाखवलं.

"पाहा म्याडम. हे तुमच्या गोळीनं."

त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी पोहे आणले. इकडे पोह्यांवर तर्री घालतात, म्हणजे चण्याचा लालभडक, तेलाचा तवंग असलेला रस्सा. दोन वर्षांत मला त्याची सवय झाली होती, पण एका वर्षाच्या खंडाने जीभ पुन्हा पुणेरी झाली होती. डोळ्यांतून पाणी आलं. सुशीलाबाईंनी साखर आणून दिली आणि बाबाराव हसले. त्या हसण्यातच मी सांगून टाकलं.

"बाबाराव, तुमच्या गोळीत औषध नव्हतं."

ते हसायचे थांबले नाहीत. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी यादी दाखवली. ती त्यांनी डोळ्यांजवळ धरली, मग दूर धरली.

"म्हंजे मी खोटं बोललो काय? मले बरं वाटलं थे?"

"खोटं नाही. हा आजार कधीकधी आपणहून ओसरतो. तुमचा ओसरला. सूज मी स्वतः मोजत होते, ती खरंच उतरली होती."

"आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं."

त्यांनी यादी परत दिली. नंतर आम्ही गिरणीबद्दल बोललो, ती किती दिवस चालेल याबद्दल बोललो. त्यांचं लक्ष मात्र आपल्या गुडघ्याकडे होतं. ते सारखे त्यावर हात फिरवत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. मी निघाले तेव्हा सुशीलाबाई चाळीच्या टोकापर्यंत पोचवायला आल्या.

"येक इचारू का म्याडम? सांगतलं नसतं तं काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, शब्द दिला होता. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

त्या दिवशी पुलगावातच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वीच्या बसला वेळ होता म्हणून पुन्हा चाळीत डोकावले. बाबाराव भिंतीला धरून नळाकडे चालले होते. मला पाहून ओशाळले.

"काल रातीपासून दुखून राह्यलं. थंडीनं असंल."

मी गुडघा पाहिला. सूज नव्हती. गरमही नव्हता. त्यांना म्हटलं, खरं औषध हवं असेल तर घ्या. ते म्हणाले, पाहतो. बस सुटली तरी मला भिंतीवर टेकलेला त्यांचा पंजा दिसत होता. खरं बोलून मी एका चांगल्या चालणाऱ्या माणसाला भिंतीला धरायला लावलं होतं, आणि इंदूताईंकडे जायचं अजून बाकी होतं.

आर्वी

पुलगाव ते आर्वीच्या रस्त्यावर दोन्हीकडे बाभळी आहेत, आणि त्या दिवसांत बाभळीच्या काट्यांना कापूस लागलेला असतो. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधून तो उडतो आणि अडकतो. लांबून झाडाला पांढरी फुलं आल्यासारखी वाटतात. पहिल्यांदा या भागात आले तेव्हा मी खरंच शेजारच्या बाईला विचारलं होतं, हे कुठलं फूल. ती पदर तोंडाला लावून पुढच्या थांब्यापर्यंत हसत होती.

आर्वीच्या बसस्थानकात उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाहेरच एक चांभारकाका बसले होते. त्यांनी चप्पल हातात घेतली आणि दाभण उचलताना त्यांच्या बोटांची मधली पेरं मला दिसली. फुगलेली, चकचकीत. मी काही ठरवायच्या आत खाली बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. ते दचकले.

"काय झालं बाई?"

"सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? किती वेळ?"

"उन्हं वर येईतो मूठच होत नाई." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले काऊन मालूम?"

आमचा अभ्यास संपला होता, माझ्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं. मी कागदावर तालुक्याच्या दवाखान्याचा वार लिहून दिला, संधिवाताच्या तपासणीला आलोय असं सांगा म्हटलं. त्यांनी कागद टोपीत ठेवला. चप्पल शिवली ती पुणं येईपर्यंत टिकली.

आर्वीत मला गोकुळशेठना भेटायचं होतं. त्यांचं मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान होतं. दोन पिढ्यांपूर्वी घराणं व्यापारासाठी तिकडे आलेलं, त्यामुळे बोलण्यात वऱ्हाडी आणि हिंदी एकमेकांत मिसळलेली. कापड फाडताना त्यांच्या मनगटात कळ येई, म्हणून दुकानात बसणंच त्यांनी सोडलं होतं. आता गेले तर ते गादीवर होते आणि एका गिऱ्हाइकाला सर्रकन कापड फाडून देत होते.

घरी नेऊन त्यांनी मला सांबारवडी खायला घातली. पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्या आठवड्यात भाजीवाली मला 'सांबार घ्या सांबार' म्हणत मागे लागली तेव्हा मी तिला इडली कुठे आहे असं विचारलं होतं. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस ठासून भरलेली असते. तळलेली वडी मोडली की आतून वाफ येते.

"शेठजी, तुमची गोळी खरी होती," मी म्हटलं. ही बातमी सांगायला मला बरं वाटत होतं.

"असं?" ते विचारात पडले. मग आत आवाज दिला. "सुनती हो? म्याडम म्हनतात गोळी खरी होती."

त्यांच्या पत्नी दारात आल्या. चेहरा पडला होता. "अन् माहे मेथीचे लाडू?"

"ते पन होतेच नं."

"सहा महिने मी मेथी कुटली म्याडम. साऱ्या मोहल्ल्याले सांगतलं, लाडवानं झालं म्हून."

मी म्हटलं, लाडवांनी ताकद आली असेल. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, पण निघताना त्यांनी मला डबाभर लाडू दिलेच. शेठजी दारात म्हणाले, "खरं सांगू? गोळी संपल्यावर पुन्हा थोडं थोडं दुखाले लागलं तवाच मले समजलं होतं. हिले सांगतलं नाई. तिनं इतकी मेथी कुटली होती." मग त्यांनी दर महिन्याच्या रक्ततपासणीचं कबूल केलं आणि गोळी पुन्हा सुरू करायचंही. 'पन लाडू बंद नाई करनार,' असंही सांगितलं, पत्नीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

असे पाच दिवस गेले. काही गावं, काही घरं. सगळ्यांची हकिकत इथे सांगत नाही. एक बाई माहेरी गेली होती, एक म्हातारे गृहस्थ वर्षापूर्वीच वारले होते आणि त्यांच्या मुलाने मला वडिलांच्या औषधाची रिकामी डबी दाखवली, ती त्याने का जपली होती त्यालाच सांगता येईना. रोज संध्याकाळी बस वर्ध्याकडे वळली की तुरीच्या शेतांवरून ऊन तिरपं येई आणि मला वाटे, मी इथून गेलेच कशाला.

वडनेर

वडनेरला मी सहाव्या दिवशी गेले. हिंगणघाटवरून हमरस्त्याने दक्षिणेला जायचं, फाट्यावर उतरायचं. इंदूताई सहा महिने हाच रस्ता उलटा करत होत्या. पहाटेची पहिली बस, हिंगणघाटला दुसरी, वर्ध्याला उतरून पायी दवाखाना. मंगळवारी मी पोचायच्या आधी त्या बाकावर बसलेल्या असत आणि माझी खुर्ची ओढली गेली की लगेच दोन्ही हात टेबलावर ठेवत. काही बोलत नसत. माझ्यापेक्षा पंधरा-सतरा वर्षांनी मोठ्या होत्या. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्या बाकावर कोणीतरी आपली वाट पाहतंय, या गोष्टीची मला किती सवय लागली होती ते पुण्याला परतल्यावर कळलं.

घर शोधावं लागलं नाही. अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात त्या बाजेवर बसल्या होत्या.

"आल्या काय म्याडम," एवढंच म्हणाल्या. जणू मी मागच्याच मंगळवारी भेटले होते.

त्यांचे यजमान नामदेवराव वावरात निघाले होते, ते थांबले, चहा होईपर्यंत बसले, यंदाच्या कापसाबद्दल बोलले आणि गेले. मुलगा हिंगणघाटला कामाला होता. घरात सून होती, माया. हसतमुख, चपळ मुलगी. तिने जेवायला गोळ्यांची कढी केली. हरभऱ्याची डाळ भरड वाटून तिचे गोळे आंबट कढीत शिजवतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती खाताना मी दोनदा वाढून घेतली. इंदूताईंची भाकरी मायाने आधीच बारीक कुस्करून कढीत भिजवून ठेवली होती. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी ताट थोडं फिरवलं.

तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. घरात त्या हात सतत पदराखाली ठेवत होत्या. माझ्या टेबलावर जे हात सगळ्यांत आधी येत, ते इथे झाकलेले होते.

जेवणं झाल्यावर माया कापूस वेचायला वावरात गेली. अंगणात आम्ही दोघीच उरलो. मी आदल्या रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. ती एकही आठवली नाही.

"इंदूताई, मी गोळीचं सांगायला आलेय. तुम्हाला जी मिळाली तिच्यात औषध नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रिकामी?"

"हो. रिकामी."

"साही महिने?"

"सहाही महिने."

पलीकडे कोणीतरी बैलांना हाकत होतं. इंदूताईंनी तिकडे पाहिलं. मग पदराखालून उजवा हात काढला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "हे करंगळी तवा वाकडी झाली. मले वाटलं, गोळी कमजोर हाय. रिकामी असंल असं नाई वाटलं."

"सुरुवातीला सांगितलं होतं मी, नाणं वर उडवल्यासारखं आहे म्हणून."

"सांगतलं होतं. पन मानसाले वाटते नं, आपल्या वाट्याले चांगलीच येईन."

"राग आला?"

"आला." त्या थांबल्या. "थोडा आला. नाई कसा येईन?"

मी मान खाली घातली. सुशीलाबाईंचा प्रश्न कानात होता. सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं.

"पन तुमी आल्या," त्या म्हणाल्या. "कागद धाडला असता तं मायानं वाचून दाखवला असता. मंग मी कोनावर रागावली असती? पोरीवर?" आणि मग जरा वेळाने, "आता माहं बी ऐका. मी बी तुमाले खोटं सांगतलं."

मला कळलं नाही.

आमच्या तपासणीत एक पट्टी असे. कागदावर ओढलेली साधी आडवी रेघ. एका टोकाला 'मुळीच दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'सोसवत नाही इतकं दुखतं'. रुग्णाने त्यावर बोट ठेवायचं आणि मी तिथे खूण करायची. इंदूताईंची खूण सहाही महिने बरोबर मध्यभागी होती. पुण्यात आमच्या प्रमुखांनी तो तक्ता पाहून मला विचारलंही होतं, या बाईची रेघ इतकी सपाट कशी. मी म्हटलं होतं, सोशीक आहेत.

"मी दर बारीले मधातच बोट ठेवत होती," त्या म्हणाल्या. "जास्त दुखते म्हनलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, हिले गुण नाई, काढा हिले. कमी म्हनलं असतं तं म्हनल्या असत्या, बरी झाली, आता घरी राह्य. म्हून मधात."

"पण कशासाठी, ताई? इतक्या लांबून, दोन बसा बदलून?"

त्या बाजेची दोरी बोटाने चाचपत राहिल्या.

"तुमी हात पाहत होत्या नं."

मी बाजेवर त्यांच्याजवळ सरकले.

"घरचे सारे चांगले हायेत. वाईट कोनी नाई. माया तं लेकीसारखं करते. पन हाताले कोनी हात लावत नाई. दुखंल म्हून भेतात. दहा वर्सं झाली म्याडम. पोराचं लगन झालं, नातू झाला, सारे पाया पडतात, वाकतात, अन् हात बाजूले ठेवतात. तुमी येक येक बोट धरून पाहत होत्या. दाबलं की दुखे. पन मंग घरी येईतो बरं वाटे."

"खरं किती दुखायचं?"

त्यांनी बाजेच्या काठावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत शेवटच्या टोकाला, पायाच्या खुंटापर्यंत नेलं.

सहा महिने. मी सांध्यांची सूज माझ्या डोळ्यांनी मोजत होते, ती वाढतेय हे लिहीत होते, आणि तरी दुखण्याचा आकडा त्यांच्या तोंडचा म्हणून तसाच मांडत होते. त्या वर पाहून माझा चेहरा वाचत होत्या. मला वाटलं, आता त्यांना वाटतंय की मी रागावेन.

मी त्यांचा हात हातात घेतला. सवयीने अंगठा मनगटावर गेला, मग बोटांच्या मुळांशी, मग मधल्या पेरांवर. दोन नवीन सांधे गेले होते. मनगट जवळजवळ वळतच नव्हतं. दुसरा हात घेतला. तोही सगळा पाहिला. लिहायला कागद नव्हता आणि तपासणी कधीच संपली होती, तरी मी हात सोडला नाही. इंदूताईंनी डोळे मिटले होते. ऊन भिंतीपर्यंत सरकलं तोवर आम्ही तशाच बसलो. रडलो की नाही ते सांगत नाही. ते आमच्या दोघींतलं आहे.

मग मी कामाचं बोलले. खरं औषध आता मिळेल. वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत, पण सूज आणि कळ कमी होईल, उरलेले सांधे वाचतील. मात्र दर महिन्याला हिंगणघाटला जाऊन रक्त द्यावं लागेल. हे ऐकलं की बहुतेकांचा चेहरा उतरतो. सहा दिवसांत मी तो अनेक घरांत उतरताना पाहिला होता.

"दर महिन्याले बोलावतील?" इंदूताईंनी विचारलं. त्यांचे डोळे उजळले होते.

"दर महिन्याला."

"हात पाहतील?"

"पाहायला सांगेन."

"तुमी राह्यसान?"

"नाही, ताई. मी पुण्याला असते."

त्यांनी मान हलवली. "होय म्हना. तुमाले तुमचं घर हाय."

चार वाजता माया डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन परतली. मी तिला गरम पाणी करायला सांगितलं आणि पातेलं अंगणात ठेवून इंदूताईंचे हात त्यात बुडवले. मग मायाला जवळ बसवलं. दिवसभर बोंडं वेचून तिची बोटं ओरखडली होती.

"असा तळहात खाली धरायचा. आणि दुसऱ्या हाताने एकेक बोट, हळू, जेवढं वाकेल तेवढंच."

"नाई बाई. दुखंल नं त्याईले."

"थोडं दुखेल. दुखलं तर त्या सांगतील." मी इंदूताईंकडे पाहिलं. "या वेळी खरं सांगतील."

मायाने भीतभीत सासूचं बोट धरलं. पहिल्यांदा नुसतंच धरून राहिली. मग हलवलं.

"दुखते काय आई?"

"दुखते," इंदूताई म्हणाल्या. "पन सोडू नको."

मी फाट्यावर पोचले तेव्हा बस यायला अवकाश होता. सगळीकडे तुरीचा वास येत होता. दूरवर वेचणाऱ्या बायकांचे रंगीत ठिपके पांढऱ्या शेतातून घराकडे निघाले होते. मला मागे वळून त्या अंगणात जावंसं वाटलं, तिथे दुसरी बाज टाकून राहावंसं वाटलं. बस आली आणि मी चढले.

परत

पुण्याला आल्यावर मी पहिलं काम केलं ते प्रमुखांना इंदूताईंच्या रेघेबद्दल सांगण्याचं. ते म्हणाले, नोंद करा. मी केली. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे की या रुग्णाच्या दुखण्याच्या नोंदी विश्वासार्ह मानू नयेत. ती ओळ लिहिताना मला काय वाटलं ते लिहायला तक्त्यात जागा नव्हती. पुढच्या अभ्यासांत मात्र आम्ही एक बदल केला. दुखतंय किती हे विचारण्याआधी रुग्णाला सांगतो, तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी पुढच्या वेळी तुम्हाला बोलावणारच आहोत.

पुलगावहून बाबारावांनी कळवलं की महिनाभर दुखलं आणि थांबलं, औषध नको. आर्वीचे लाडू मी आणि नवऱ्याने मिळून संपवले.

पावसाळा संपता संपता मायाचं अंतर्देशीय पत्र आलं. शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. आईंची सूज उतरली आहे. भाकर थापता येत नाही, पण मोडता येते. दर महिन्याला हिंगणघाटला जातात. आजूबाजूच्या गावांतल्या आणखी दोन बाया त्यांच्यासोबत निघतात, आणि रक्त काढायच्या वेळी नवीन बाई घाबरली तर आई तिचा हात धरून बसतात. खाली शेवटी लिहिलं होतं, 'तुम्ही केव्हा येता, असं आई विचारून राहिल्या.'

मी लगेच उत्तर लिहायला बसले. तब्येतीचं लिहिलं, गोळी चुकवू नका म्हणून लिहिलं, मायाला शाबासकी लिहिली. मग लिहिलं, 'लवकरच येईन.' नवा अभ्यास सुरू होणार होता, तोही दुसऱ्या जिल्ह्यात. रजा उरली नव्हती. मी त्या दोन शब्दांकडे पाहत बसले, आणि मग ते खोडले. खोडलेलं दिसत होतं, पण दुसरं पत्र घेतलं नाही. त्याच्या खाली लिहिलं, 'केव्हा येणं होईल ते मला माहीत नाही. आठवण रोज येते.'